जुन्या गाडीचा भाव आणि मिस्त्रीचा हात

यंत्र वापरले की झिजते, आणि झिजले की त्याची किंमत उतरते. कारखान्याच्या वहीत याला घसारा म्हणतात. दर सालच्या ताळेबंदात मालक यंत्राच्या किमतीतून काही टक्के वजा करतो, आणि काही वर्षांनी कागदावर त्या यंत्राची किंमत जवळजवळ शून्य होते. मोटारीचेही तसेच. दुकानाच्या दारातून बाहेर पडली की दुसऱ्या दिवशी ती जुनी ठरते. हा नियम सर्वांच्या इतका परिचयाचा आहे की त्याला अपवाद असेल अशी शंकाही येत नाही. पण अपवाद आहे. काही गाड्यांचा भाव काही वर्षे उतरतो, तळाला जातो, आणि मग उलटा फिरून नव्या गाडीलाही मागे टाकतो. हे कसे घडते, हा भाव देतो कोण, आणि त्यातला पैसा कोणाच्या हाती जातो, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे. विषय श्रीमंतांच्या हौसेचा वाटेल. पण श्रोत्यांनी थोडा धीर धरावा. नांदेड-लातूरच्या गॅरेजांपर्यंत तो केव्हाच येऊन पोचला आहे.

प्रथम दूरचे उदाहरण घेऊ. मॅकलॅरन एफ-वन नावाची शर्यतीच्या जातीची मोटार इंग्लंडात १९९२ ते १९९८ या काळात तयार झाली. सगळ्या मिळून १०६ गाड्या निघाल्या. नवी असताना तिची किंमत दहा लाख डॉलरांच्या आत होती. यांपैकी १९९५ सालची एक गाडी २०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लिलावात निघाली आणि दोन कोटी चार लाख डॉलरांवर गेली. त्या वेळच्या दराने सुमारे १५० कोटी रुपये. आता खरी गंमत पुढेच आहे. ही गाडी सव्वीस वर्षांत चालली होती २४२ मैल, म्हणजे सुमारे ३९० किलोमीटर. नांदेडहून लातूरला जावे, परत यावे आणि पुन्हा लातूरची वाट धरावी, तर लातूर येण्याआधीच हे अंतर संपते. जगातल्या अत्यंत वेगवान गाड्यांपैकी ही एक. आणि तिला इतका भाव आला तो बव्हंशी ती धावली नाही म्हणून.

आपल्याला हे अगदीच अनोळखी नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला सारा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी रोल्स रॉइस कंपनीची एक सिंहासनी मोटार मागवण्यात आली होती. गाडी १९१२ साली तयार झाली, आणि तोपर्यंत ते वारले होते. पिवळ्या रंगाची, मागे उंच आसन असलेली ही गाडी हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आजही पाहावयास मिळते. सगळ्या आयुष्यात ती ३५६ मैल चालली असे सांगतात. त्या गाडीचे पैसे ज्या खजिन्यातून गेले त्यात नांदेडच्या कापसाचा आणि लातूरच्या तुरीचा सारा होता, हे संग्रहालयातल्या पाटीवर लिहिण्याची पद्धत नाही. असो.

भाव कसा ठरतो याचा विचार आपल्यापूर्वी पुष्कळांनी केला आहे. रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली आपला ग्रंथ लिहिला. वस्तूची किंमत तिच्यात ओतलेल्या श्रमावरून ठरते असे सांगताना त्याने सुरुवातीलाच काही वस्तू बाजूला काढल्या. दुर्मिळ चित्रे, जुने पुतळे, विरळा नाणी व ग्रंथ, विशिष्ट जमिनीतल्या द्राक्षांची दारू या वस्तू कितीही श्रम केले तरी वाढवता येत नाहीत. म्हणून त्यांची किंमत केवळ त्यांच्या विरळपणावर आणि घेणाऱ्याच्या ऐपतीवर व आवडीवर अवलंबून राहते, असे त्याचे म्हणणे. मी हा ग्रंथ शाळेत वाचलेला नाही. माझे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभेत झाले. पण कारखान्यात हजारांनी निघालेली गाडी ही रिकार्डोच्या पहिल्या गटातून दुसऱ्या गटात कशी जाते, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावत आला आहे. काल जी श्रमाची वस्तू होती ती आज पुतळ्याच्या रांगेत कशी बसते?

पहिली अट उघड आहे: कारखान्याने ती बनवणे थांबवले पाहिजे. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने हवेने थंड होणारे इंजिन १९९८ साली बंद करून पाण्याने थंड होणारे आणले. नवे इंजिन कामाला अधिक चांगले होते. तरी भाव चढला तो जुन्याचा. दुसरी अट कमी उघड आहे, पण माझ्या मते तीच मुख्य. गाडी नवी होती तेव्हा जी पोरे तिच्याकडे तोंड उघडे टाकून पाहत होती, त्यांच्या हातात पंचवीस-तीस वर्षांनी पैसा आला पाहिजे. आठवण एकटी भाव चढवत नाही. नांदेडच्या उस्मानशाही मिलमधल्या मागांची आठवण काढणारे पुष्कळ आहेत. पण ती विकत घेण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नाही, त्यामुळे जुन्या मागाला बाजार नाही. आठवण आणि ऐपत एकाच माणसात भेटली म्हणजे जुने लोखंड सोन्यासारखे वागू लागते.

आपल्याकडे मॅकलॅरन नव्हती. आपली शर्यतीची गाडी दोन चाकांची होती. एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाशी करार करून १९८३ पासून राजदूत ३५० काढली आणि १९८५ च्या अखेरीस यामाहा आरएक्स १००. या दोहोंची कथा सांगितल्यावाचून मराठवाड्यात हा विषय कळणार नाही.

आरएक्स १०० चे इंजिन ९८ घनसेंटिमीटरचे, आणि त्यातून सुमारे ११ अश्वशक्ती निघे. त्याच साली हिरो होंडाची सीडी १०० आली. तिचे इंजिन जवळजवळ तेवढेच, पण शक्ती सात-साडेसातच्या घरात. हा फरक कशामुळे? हिरो होंडाचे इंजिन चार फेऱ्यांचे, म्हणजे पिस्टन दोनदा वर-खाली झाला की एकदा पेट्रोल पेटते. यामाहाचे दोन फेऱ्यांचे. दर वेळी पिस्टन वर गेला की पेटते. चार फेऱ्यांच्या इंजिनासारखे व्हॉल्व्ह नाहीत, जास्तीचे भाग नाहीत, गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास. मूठ पिळली की गाडी निसटायची. या गुणातच तिचा दोष होता. दोन फेऱ्यांच्या इंजिनात ताजे पेट्रोल आत येताना जळालेला वायू बाहेर ढकलते, आणि त्या गडबडीत थोडे न जळताच सायलेन्सरमधून निघून जाते. शिवाय पेट्रोलबरोबर ऑईलही जळते. म्हणून मागे निळा धूर. १९९६ साली धुराचे नियम कडक झाले आणि त्याच साली आरएक्स १०० बंद पडली.

राजदूत ३५० चे दैव त्याहून विचित्र. तिचे ३४७ घनसेंटिमीटरचे जोड-सिलिंडर इंजिन ३० अश्वशक्तीच्या पुढे जाई. पेट्रोल इतके पिई की घेणाऱ्याला महिन्याचा हिशेब जुळेना. सुटे भाग महाग, दुरुस्ती जाणणारे थोडे. कंपनीने नंतर शक्ती कमी केलेली जात काढून पाहिली, तीही खपेना. १९९० च्या सुमारास ती संपली. ज्यांच्यापाशी होती त्यांनी मिळेल त्या भावाने काढून टाकली. आज तीच गाडी चांगल्या स्थितीत असेल तर काही लाख रुपये मागते. आणि आरएक्स १००, जी एका काळी तालुक्याच्या प्रत्येक कॉलेजसमोर उभी असे, तीही नीट ठेवलेली असेल तर लाखाच्या पुढे बोलते. उलट सीडी १०० कडे पाहा. तिने मास्तर, ग्रामसेवक, खताचे दुकानदार, एजंट यांना तीस-तीस वर्षे वाहिले. थोड्या पेट्रोलात पुष्कळ चालली, कधी कुरकुरली नाही. तिला आज भंगाराहून फारसा भाव नाही. जी राबली तिची कोणाला आठवण येत नाही.

आता मालकांकडे वळू. त्यांना सरसकट बडे लोक म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. काहींनी गाडी कधी विकलीच नाही. नवी घेतली, पण जुनी गोठ्यात झाकून ठेवली. यांच्यात शेतकरी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. दुसरे शिकून पुण्याला किंवा हैदराबादला गेले आणि चाळिशी उलटल्यावर गावी येऊन, वडिलांनी तेव्हा घेऊन दिली नाही ती गाडी शोधू लागले. त्यांची हौस खरी आहे, आणि पुष्कळदा त्यांनाच गाडीची सर्वांत जास्त माहिती असते. तिसरे जे आहेत त्यांना गाडीवर बसताही येत नसेल. ते तालुक्याच्या गावात येतात, गरजू मालक गाठतात, चाळीस-पन्नास हजारांत गाडी उचलतात आणि शहरात दामदुप्पट करतात. सोयाबीन काढणीच्या वेळी अडलेला शेतकरी आणि मुलीच्या कॉलेजची फी भरायची असलेला बाप यांच्या दारात हे लोक बरोबर त्याच महिन्यात कसे पोचतात, याचे उत्तर आडत बाजारात वावरणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

मालकांच्या आठवणींविषयी आणखी एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती कडू आहे. आमच्या पिढीच्या लग्नांत मोटारसायकल कोठून आली हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. तरी १९९० च्या आसपास मराठवाड्यात लग्नाच्या बैठकीत गाडीचे नाव घेऊन मागणी होत असे, आणि तरण्या नवरदेवाला बहुधा यामाहाच हवी असे. त्या गाडीपायी कोणाची एकरभर जमीन गेली, कोणाचे बैल गेले. आज त्या गाडीला भाव चढला आहे तो आठवणींचा. पण त्या आठवणी नवरदेवाच्या आहेत. सासऱ्याच्या आठवणींना कोणी भाव विचारत नाही. ज्यांच्या घरी अशी गाडी झाकून ठेवलेली असेल त्यांनी ती विकताना आलेल्या पैशातला वाटा घरातल्या बाईच्या हाती दिला, तर मी त्याला उपकार म्हणणार नाही.

कायदाही या बाजारात आपली बाजू घेऊन उभा असतो, आणि ती बहुधा धावत्या गाडीच्या विरुद्ध असते. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते. दुचाकीला त्यासाठी पूर्वी ३०० रुपये पडत. एप्रिल २०२२ पासून १,००० झाले, आणि वीस वर्षांवरच्या दुचाकीला २०२५ च्या ऑगस्टमध्ये २,००० ठरले. पर्यावरणाचा कर वेगळा. यामागचा हेतू धूर कमी करण्याचा आहे आणि तो मला मान्य आहे. निळा धूर छातीत घेऊन दिवस काढणाऱ्यांत माझेच सभासद अधिक आहेत. पण ज्याला रोज दूध पोचवायचे आहे त्याला हे दोन हजार जड जातात. ज्याने लाखाला गाडी घेऊन दिवाणखान्याशेजारी उभी केली त्याला ते कळतही नाहीत. मग गाडी पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाते. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला निराळी नंबरपाटी मिळते, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती रस्त्यावर आणता येत नाही. पहिली आरएक्स १०० या मानाला पात्र होईल २०३५ साली. तोवर कायद्याच्या दृष्टीने ती नुसती म्हातारी.

मुंबईत याचाच मोठा नमुना दिसला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी तयार होई. तिच्यावर काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांच्या दोन पिढ्या जगल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून कायमची गेली. एक तरी गाडी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या युनियनने केली. खाजगी पद्मिनी मात्र हौशी लोक रंगवून, गाद्या बदलून, चांगल्या भावाला घेत आहेत. पोट भरणारी गाडी मोडीत आणि मिरवणारी गाडी भावात, असा हा न्याय.

करही अशा मालकाला अनुकूल आहे. आयकराच्या कायद्यात स्वतःच्या वापराची गाडी ही वैयक्तिक चीजवस्तू धरली जाते. ती नफ्याने विकली तरी भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही. इंग्लंडात तर मोटार ही झिजणारी वस्तू म्हणून करमुक्त आहे. म्हणजे ती झिजत नाही म्हणून तिला भाव येतो, आणि ती झिजते असे धरून कर माफ होतो! जमीन, शेअर, दागिना यांवर कर भरणाऱ्या धनिकांचे लक्ष मोटारीकडे गेले यात नवल नाही.

पण या सगळ्या हिशेबात एक माणूस अजून आलाच नाही. तो म्हणजे मिस्त्री.

तीस-पस्तीस वर्षांची गाडी आपोआप जिवंत राहत नाही. सिलिंडर घासून गोल राहिला नाही की तो लेथवर नेऊन बोअर करावा लागतो आणि थोडा मोठा पिस्टन बसवावा लागतो. क्रँकची बेअरिंग आवाज करू लागली की इंजिन उलगडून ती दाबावर काढायची, नवी सरळ बसवायची; केसभर वाकडी बसली की गाडी थरथरते. ऑईल सील गळला की हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जाम होतो. कार्बोरेटरची सुई कोणत्या खाचेत ठेवायची हे नांदेडच्या उन्हाळ्यात निराळे आणि जानेवारीत निराळे. मिस्त्री हे आवाजावरून सांगतो. प्लग काढून त्याचा रंग पाहतो: काळा असेल तर एक, पांढरट असेल तर दुसरे. हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि हातात फार. ज्यांच्या हातात ते आहे ते बहुतेक दहा-बाराव्या वर्षी गॅरेजात आले, पान्यांच्या नंबरांवरून अंक शिकले, आणि आज पन्नाशी-साठीत आहेत.

आता बाजाराची रीत पाहा. घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘ओरिजिनल आहे का?’ कंपनीचा रंग, कंपनीची टाकी, इंजिनचा व चेसिसचा मूळ नंबर, न उघडलेले इंजिन यांना भाव. मिस्त्रीचा हात जेथे दिसेल तेथे भाव कमी. ज्याने ती गाडी तीस वर्षे मरू दिली नाही त्याच्या कामाची खूण ही गाडीवरचा डाग ठरते. म्हणून तो आपले काम लपवायला शिकतो. जितके चांगले काम, तितके ते न दिसणारे. आणि जे दिसत नाही त्याचे दाम कोण देणार? गाडी दीड लाखाला विकली जाते तेव्हा इंजिन बांधण्याची मजुरी पूर्वीच दीड-दोन हजारांत आटोपलेली असते. रिकार्डोने श्रमाची किंमत नसलेल्या वस्तूंचा जो गट केला, त्यात हे श्रम अदृश्य होऊन बसले आहेत.

या मिस्त्रीपाशी शिकणारा पोरगा आता येत नाही, आणि ते एका अर्थी बरेच आहे. गॅरेजातले काम बालकामगार कायद्याने कोवळ्या मुलांना बंद केले ते योग्यच. पण कायद्याने मान्य वयाचा तरुण यावा अशी स्थितीही तेथे नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ठराविक संख्येइतके किंवा अधिक कामगार असतील तेथेच पुरता लागू होतो. दोन-तीन माणसांचे गॅरेज त्याच्या बाहेर. साप्ताहिक सुटी, कामाचे तास, रजा यांचा तेथे प्रश्न येत नाही. मिस्त्री स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर. अशांची सभा घ्यायला गेलो की ते म्हणतात, ‘साहेब, संप कोणाविरुद्ध करायचा?’ प्रश्न रास्त आहे. संपाचे हत्यार येथे चालत नाही. कागदाचे चालेल असे मला वाटते.

युरोपात अशा गाडीबरोबर तिच्या दुरुस्तीची सारी कागदपत्रे जातात. कोणत्या वर्षी, कोणत्या वर्कशॉपने, काय केले. नामांकित कारागिराची पावती असेल तर गाडीचा भाव उतरत नाही, चढतो. म्हणजे दिसणारा हात हा डाग असलाच पाहिजे असे नाही. तो निनावी असतो म्हणून डाग ठरतो. आपल्याकडे पावती देण्याची पद्धत नाही, आणि ती नसल्यामुळे गाडीबरोबर मिस्त्रीचे नाव पुढे जात नाही. चोरीच्या गाडीचा चेसिस नंबर घासून दुसरा ठोकण्याचे उद्योगही याच अंधारात चालतात, आणि पोलिस आले की पहिला उचलला जातो तो मिस्त्रीच. लिहिलेली वही असेल तर तोच त्याचा साक्षीदार.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या मिस्त्रींपुढे मी एक साधी गोष्ट ठेवतो आहे. केंद्राच्या कौशल्य योजनेत पूर्वीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, ते घ्यावे. ई-श्रमची नोंद साठीच्या आत करता येते, ती करावी. आणि छापील पावतीपुस्तक ठेवावे, दोन प्रतींचे. त्यात तारीख, गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिनचे नंबर आरसी बुकाशी ताडून, बसवलेला भाग कंपनीचा की बाजारातला, मजुरी वेगळी आणि सामान वेगळे, आणि खाली स्वतःचे पूर्ण नाव. एक प्रत गाडीबरोबर राहील.

आणि बोअरचे माप विसरू नये. पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने मोठे मिळतात, साधारणपणे एक मिलिमीटरपर्यंत. नांदेडच्या मिस्त्रीने पावतीवर ‘०.५०’ लिहिले असेल, तर दहा वर्षांनी लातूरला ते इंजिन उघडणाऱ्याला गाडी न उघडताच कळेल की या सिलिंडरला अजून दोन बोअर शिल्लक आहेत.